पुढची काच, तिच्यामागचा कॅमेरा आणि बरोबर एक महिना

१६ नोव्हेंबर, रविवार. आत्याकडचं जेवण उरकून मी आणि बाबा दादरहून पुण्याला परत येत होतो. लोणावळा मागे पडलं होतं, कामशेतचा बोगदा यायचा होता, आणि पुढे एक डंपर चालला होता, वर ताडपत्री नाही, मागच्या फळीतून खडी सांडतेय. मी लेन बदलायला इंडिकेटर दिला आणि तेवढ्यात खाडकन आवाज झाला. बाबांनी झटकन तोंडासमोर हात धरले. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, लागलं कुणालाच नाही, काचेचा कणही आत आला नव्हता, पण उर्सेचा टोलनाका येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत आणि माझेही हात स्टिअरिंगवर थरथरत होते.

एक्सप्रेसवेवर मध्येच थांबू नका, काच फुटलेली दिसली तरी. मी टोल ओलांडून सुरक्षित जागी थांबले आणि मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं. आतल्या आरशाच्या जरा खाली, एक रुपयाच्या नाण्याएवढी चांदणी उमटली होती. डॅशबोर्डवर कसलाही मेसेज नव्हता, गाडी नेहमीसारखी चालत होती, मला वाटलं हजार-दोन हजारात काम होईल.

शेवटी बिल झालं एक लाख त्रेसष्ट हजार नऊशे सत्तर. माझ्या खिशातून गेले तो आकडा वेगळा आहे, तो पुढे येईल. त्या महिन्यात मी मराठीत खूप शोधलं की हे काम नक्की कसं होतं, कॅमेऱ्याचं काय करतात, इन्शुरन्स कशाकशाचे पैसे देतं, आणि धड काही सापडलं नाही, म्हणून तारखेवार सगळं लिहितेय. गाडी २०२१ ची जर्मन बनावटीची सेडान आहे, मी २०२३ मध्ये सेकंड हँड घेतली. कंपनीचं आणि सर्व्हिस सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण जे चुकलं ते कुठल्याही ब्रँडच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये चुकू शकतं, आणि शेवटी त्यांनीच ते निस्तरूनही दिलं.

१७ तारखेला सकाळी पिंपरीतल्या एका काचवाल्यांकडे गेले. वयस्कर गृहस्थ, तीस वर्षं काचेचंच काम करतायत. चिप रिपेअर, म्हणजे खड्ड्यात रेझिन भरून अल्ट्राव्हायोलेट दिव्याने पक्कं करायचं, याचे त्यांनी दीड हजार सांगितले होते फोनवर. प्रत्यक्ष बघितल्यावर म्हणाले, "ताई, हे मी करणार नाही. हा मार कॅमेऱ्याच्या बरोबर समोर आहे. रेझिन कितीही नीट भरलं तरी तिथे उजेड थोडा वाकडा जातो, तुम्हाला दिसणार नाही पण कॅमेऱ्याला दिसेल." पैसे मिळत असताना त्यांनी नाही म्हटलं याचं मला खूप कौतुक वाटलं. वर चांदणीवर पारदर्शक चिकटपट्टी लावून दिली, धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून, आणि बजावलं की काचेवर गरम हवा मारू नका.

आणि मी तेच केलं. १८ ची सकाळ, नोव्हेंबरची थंडी, काचेवर दव, सवयीने डीफॉगरचं बटण दाबलं. दोन मिनिटांत, माझ्या डोळ्यांदेखत, त्या चांदणीतून एक रेघ निघाली आणि डावीकडे सरकत सरकत फूटभर गेली. काच बाहेरून गार आणि आतून गरम झाली की तडा असा धावतो. तुमच्या काचेला बारीकसा जरी मार असेल तर बदलेपर्यंत डीफॉगर नको, उन्हात तापलेल्या गाडीत एकदम फुल एसी नको, दार धाडकन लावणं नको.

आता काच बदलणं आलंच. पण त्याआधी या कॅमेऱ्याबद्दल थोडं सांगते, कारण पुढचा सगळा खर्च आणि सगळा त्रास त्याच्यावरून झाला.

आरशाच्या मागे, काचेला आतून चिकटवलेल्या एका ब्रॅकेटमध्ये हा कॅमेरा बसतो. लेनचे पट्टे, पुढची गाडी, रस्ता ओलांडणारा माणूस, वेगमर्यादेची पाटी हे सगळं तो बघतो आणि त्यावरून गाडी स्टिअरिंगला हलका धक्का देते, इशारा देते किंवा स्वतः ब्रेक मारते. काच बदलली की ब्रॅकेटही नवा येतो, आणि कितीही काळजीने बसवला तरी कॅमेऱ्याचा कोन केसभर बदलतोच. मी कागदावर मांडून बघितलं, कॅमेरा एक अंश जरी बाजूला बघत असेल तर शंभर मीटरवर त्याचं बघणं पावणेदोन मीटरने चुकतं. आपल्याकडे हायवेची लेन साधारण साडेतीन मीटरची, म्हणजे अर्धी लेन चुकली. म्हणून नव्या काचेनंतर कॅमेऱ्याला पुन्हा शिकवावं लागतं की सरळ म्हणजे कुठे, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. ते दोन प्रकारचं असतं. एक वर्कशॉपमध्ये, सपाट जमिनीवर गाडी उभी करून समोर ठरलेल्या अंतरावर आणि उंचीवर खुणांचा बोर्ड लावून, आणि दुसरं रस्त्यावर, कॉम्प्युटर जोडून ठरावीक वेगाने गाडी चालवत. काही गाड्यांना पहिलं लागतं, काहींना दुसरं, माझ्या गाडीला दोन्ही.

मला चार जणांनी सांगितलं की बंद करून टाक ते सगळं, आपल्या रस्त्यांवर काय उपयोग. मला ते अजिबात पटलं नाही. ऑगस्टमध्ये बाणेर रोडला पावसात एक स्कूटरवाला मुलगा डावीकडून एकदम समोर आला होता, माझा पाय ब्रेकवर जायच्या आधी गाडीने ब्रेक मारला होता. तो मुलगा मागे वळून बघून निघून गेला. मी घरी येऊन बराच वेळ नुसती बसून होते. त्यामुळे हा कॅमेरा जसा होता तसाच मला परत हवा होता, यावर माझी काही तडजोड नव्हती.

१८ च्याच संध्याकाळी इन्शुरन्सच्या अ‍ॅपवर क्लेम टाकला. आरसी, लायसन्स, पॉलिसी, तड्याचे फोटो, कुठे कधी कसं झालं ते चार ओळीत. फोटो काढताना एक पूर्ण गाडीचा नंबरप्लेटसकट, एक काचेचा बाहेरून, एक आतून आणि एक ओडोमीटरचा काढा, मला दोनदा परत मागितले.

क्लेम टाकण्याआधी मी बसून एक हिशेब केला होता, तो सगळ्यांनी करावा. माझा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, ३५ टक्के होता (जुनी गाडी विकताना सर्टिफिकेट घेऊन ठेवलं होतं म्हणून तो या गाडीला लागला, बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं). बोनसची चढण २०, २५, ३५, ४५, ५० अशी असते आणि एक क्लेम केला की खाली शून्यावर. माझा ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, मूळ प्रीमियम ५२,००० धरला तर क्लेम न करता पुढच्या वर्षी ४५ टक्के सूट मिळाली असती, क्लेम केल्यावर काहीच नाही, म्हणजे पहिल्याच वर्षी २३,४०० जास्त. दुसऱ्या वर्षी ५० ऐवजी २०, म्हणजे १५,६००. मग १३,०००, मग ७,८००, मग २,६००. पाच वर्षांत एकूण ६२,४००. गाडीची किंमत दरवर्षी उतरते तसा प्रीमियमही उतरतो त्यामुळे खरा आकडा याहून कमी, पण अंदाज येतो. साठ हजारांच्या आतलं काम असतं तर मी क्लेम केलाच नसता. बोनस प्रोटेक्शनचं अ‍ॅड-ऑन असेल तर हा प्रश्न येत नाही, माझ्याकडे नव्हतं.

१९ ला सर्व्हिस सेंटर. एस्टिमेट हातात आलं तेव्हा मी खुर्चीत नीट बसून दोनदा वाचलं. काच १,१८,४०० टॅक्स धरून. बाहेरचं मोल्डिंग आणि क्लिपा ७,२५०. रेन सेन्सरच्या मागचं जेल पॅड १,८५०, म्हणजे बिस्किटाएवढा पारदर्शक तुकडा, तो एकदा निघाला की परत वापरता येत नाही. सीलंट-प्रायमरचं किट ५,२००. काढणं-बसवणं १०,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १२,३९०. आणि कॅलिब्रेशन १६,००० अधिक जीएसटी, १८,८८०.

काच एवढी महाग का, हे मी विचारलं. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर मुलगा चांगला होता, त्याने बाजूच्या गाडीपाशी नेऊन दाखवलं. पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये प्लास्टिकचा पातळ थर, म्हणूनच ती फुटली तरी अंगावर येत नाही. माझ्या गाडीत तो मधला थर आवाज अडवणारा आहे, आणि काचेवर वेग दिसतो ना, हेड-अप डिस्प्ले, त्यासाठी तो थर खाली पातळ आणि वर जाड असा पाचरीसारखा असतो, नाहीतर आकडे दोन-दोन दिसतात. शिवाय कॅमेऱ्यासमोरचा भाग तापवायच्या बारीक तारा. त्याच मॉडेलच्या, यातलं काही नसलेल्या गाडीची काच बरीच स्वस्त आहे.

बाहेरच्या दुकानातून ६२,००० चं कोटेशन पण आलं होतं. बाहेरची काच वाईटच असते असं मी म्हणणार नाही, मोठमोठे काच बनवणारे कारखाने गाडी कंपन्यांनाही देतात आणि बाजारातही विकतात. मी दोनच प्रश्न विचारले, काच हेड-अप डिस्प्लेची आहे का आणि कॅलिब्रेशन कोण करणार. पहिल्याला उत्तर आलं "फिट बसेल" आणि दुसऱ्याला "ते आपोआप होतं." तिथे मी थांबले.

२० ला सर्व्हेअर आले. पन्नास हजारांच्या वरचं नुकसान असलं की लायसन्सवाला सर्व्हेअर लागतोच, त्यामुळे ते येऊन जाईपर्यंत काही उघडू देऊ नका, काढू देऊ नका. माझी पॉलिसी झिरो डेपची आहे, म्हणजे सुट्या भागांवर घसारा न कापणारी. काचेवर तसाही घसारा कापत नाहीत, पण मोल्डिंगसारख्या रबर-प्लास्टिकच्या वस्तूंवर ५० टक्के कापतात, ते झिरो डेपमुळे वाचलं. कन्झ्युमेबल्सचं, म्हणजे एकदा वापरून संपणाऱ्या वस्तूंचे पैसे देणारं, अ‍ॅड-ऑन मात्र मी रिन्यूअलच्या वेळी आठशे-हजार रुपये वाचवायला काढून टाकलं होतं, त्यामुळे सीलंट किट आणि जेल पॅड माझ्या अंगावर. आणि १५०० सीसीच्या वरची गाडी म्हणून क्लेममध्ये मालकाने स्वतः भरायचे सक्तीचे २,०००.

२१ ला अप्रूव्हल आलं आणि त्यात कॅलिब्रेशनसमोर शून्य. कारण लिहिलं होतं सॉफ्टवेअर अपडेट, मेंटेनन्समध्ये येतं. १८,८८० रुपयांची गोष्ट होती आणि मला खरंच राग आला, कारण ज्याने कुणी ते लिहिलं त्याला हे काम काय आहे ते माहीतच नव्हतं. मी फोनवर वाद घालत बसले नाही. सर्व्हिस सेंटरकडून कंपनीच्या रिपेअर मॅन्युअलमधलं ते पान मागून घेतलं, ज्यात काच बदलल्यावर कॅमेरा कॅलिब्रेट करणं बंधनकारक असल्याचं स्पष्ट लिहिलंय, आणि त्यांच्या लेटरहेडवर तीन ओळींचं पत्र, चॅसी नंबर घालून. दोन्ही जोडून ईमेल केला, विषयात क्लेम नंबर, आणि एवढंच लिहिलं की हे काचेच्या दुरुस्तीचाच भाग आहे, नाकारायचं असेल तर पॉलिसीच्या कुठल्या कलमाखाली ते लेखी कळवा. २५ ला सुधारित अप्रूव्हल आलं, कॅलिब्रेशन पूर्ण मंजूर. एस्टिमेटमध्ये कॅलिब्रेशनची ओळ वेगळी होती म्हणून हे जमलं, लेबरमध्ये गुंडाळून टाकली असती तर मला कळलंही नसतं की कापलं काय. आणि काही एस्टिमेटमध्ये ती ओळ नसतेच, ते जास्त धोक्याचं.

मधल्या काळात २२ तारखेला ५० टक्के अ‍ॅडव्हान्स देऊन काचेची ऑर्डर गेली होती. २९ ला फोन आला काच आली, १ डिसेंबरला सोमवारी गाडी नेऊन दिली. दुपारी परत फोन, मॅडम जरा प्रॉब्लेम आहे. काच चुकीची. त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची, पण हेड-अप डिस्प्ले नसलेली. पार्ट्सवाल्यांनी चॅसी नंबर न टाकता मॉडेल बघून ऑर्डर केली होती. नशीब एवढंच की टेक्निशियनने जुनी काच कापायच्या आधी दोन्हींच्या कोपऱ्यातले छापे जुळवून बघितले. हे तुम्हीही बघू शकता, काचेच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत बनवणाऱ्याचं नाव, गोलात ई आणि आकडा, आणि आवाज अडवणारी काच असेल तर बऱ्याचदा कानाचं चिन्ह असतं. जुन्या काचेच्या त्या कोपऱ्याचा फोटो काढून ठेवा आणि ऑर्डरच्या कागदावर चॅसी नंबर आहे ना ते स्वतः वाचा. मी वाचलं असतं तर आठ दिवस वाचले असते.

ते आठ दिवस मी गाडी फक्त अगदी गरज पडली तर घराजवळ चालवली, बाकी सगळीकडे कॅब. महिन्याभराचे कॅबचे एकूण ६,४०० झाले, ते कुणी देत नाही. तडा तोपर्यंत डाव्या कडेपर्यंत पोचला होता आणि बाबा म्हणायचे तू त्या गाडीत बसूच नकोस.

९ डिसेंबरला बरोबर काच आली, १० ला बसवली. मी मुद्दाम थांबले आणि बघायची परवानगी मागितली, त्यांनी दिली. जुनी काच पातळ तारेने कापून काढतात, दोघं जण दोन बाजूंनी करवतीसारखी तार ओढतात. मग फ्रेमवरचं जुनं सीलंट पूर्ण खरवडत नाहीत, एक-दोन मिलिमीटरचा थर ठेवतात, त्यावर नवं छान धरतं. रंगाला जिथे ओरखडा गेला तिथे प्रायमर, नाहीतर पुढे गंज. काचेच्या काळ्या कडेला प्रायमर, मग काळ्या सीलंटची एकसलग उंच धार, कुठेही न तोडता, आणि मग व्हॅक्यूमच्या कपांनी दोघांनी उचलून काच एकदाच, एका झटक्यात जागेवर ठेवली. मला श्वास रोखून धरल्यासारखं झालं होतं. हे सीलंट हवेतल्या ओलाव्याने सुकतं. त्यांनी गाडी रात्रभर हलवली नाही, आणि मला सांगितलं की दोन दिवस एक खिडकी बोटभर उघडी ठेवा (दार लावताना आतल्या हवेचा दाब ओल्या सीलंटवर येतो), टेप काढू नका, प्रेशरने गाडी धुऊ नका.

११ ला संध्याकाळी गाडी मिळाली. "कॅलिब्रेशन झालं मॅडम, वॉर्निंग गेली." डॅशबोर्ड खरंच स्वच्छ होता. मी खूश होऊन घरी आले.

१२ ला सकाळी कात्रजकडे जायला बायपासला लागले आणि वारज्याच्या पुढे लक्षात आलं की गाडी मला डावीकडे ढकलतेय. मी लेनच्या बरोबर मधोमध आणि स्टिअरिंग हलकेच डावीकडे ओढतंय, जसं कुणी शेजारी बसून हात लावतंय. आधी वाटलं हवा कमी असेल. लेन असिस्ट बंद केला, ओढणं थांबलं. परत चालू केला, परत सुरू. डावीकडे कंटेनर चालला होता. मी सगळे असिस्ट बंद केले आणि पहिल्या एक्झिटला बाहेर पडले. त्या दिवशी जेवढी घाबरले तेवढी दगड लागला तेव्हाही घाबरले नव्हते, कारण दगड दिसत होता, आणि हे सगळं ठीक आहे असं समजून मी बाबांना घेऊन कुठेही निघाले असते.

१३ ला शनिवारी परत सर्व्हिस सेंटर. मी एकच मागितलं, कॅलिब्रेशनचा रिपोर्ट दाखवा. दहा मिनिटं, वीस मिनिटं, मग उत्तर आलं की प्रिंट काढलेली नाही. मग मॅनेजर आले. मी आवाज चढवला नाही पण हललेही नाही. म्हटलं, ज्या कामाचे १८,८८० लावलेत त्याचा कागद नाही तर ते काम झालं असं मी कसं धरू. त्यांनी कबूल केलं की ११ तारखेला गर्दी होती, काम नेहमीच्या सर्व्हिसिंगच्या जागेतच उरकलं गेलं, चाकांची दिशा तपासली नव्हती, टायरची हवा बघितली नव्हती. आणि डिकीत माझी गांडूळ खताची चार पोती होती, पंचवीस-पंचवीस किलोची, गच्चीवरच्या बागेसाठी आणलेली, ती तशीच. शंभर किलो मागे असलं की गाडीचं तोंड किंचित वर होतं आणि कॅमेराही वर बघतो. मला कुणी डिकी रिकामी करायला सांगितलं नव्हतं, मलाही सुचलं नाही. तुम्ही मात्र कॅलिब्रेशनला देताना डिकी रिकामी करा, टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरून घ्या आणि काचेवर टेप-धूळ नाही ना बघा.

सोमवारी १५ ला नीट काम झालं आणि या वेळी मी पूर्ण वेळ उभी होते. आधी व्हील अलाइनमेंट, त्याचे २,९५० मी दिले, त्यावर भांडले नाही कारण मागची चाकं खरंच किंचित तिरकी निघाली. टेक्निशियनने समजावलं की बोर्ड गाडीच्या बॉनेटकडे बघून सरळ लावत नाहीत, मागची चाकं गाडीला ज्या दिशेने ढकलतात त्या रेषेवर लावतात. म्हणजे चाकं न तपासता लावलेला बोर्ड नजरेला सरळ वाटला तरी रेषेवर नसतो, आणि डावीकडे ओढण्याचं मूळ तिथे होतं. लेझर, टेप, पाणसळ, सगळं मोजून बोर्ड उभा करायला पाऊण तास गेला आणि कॉम्प्युटरवरचं प्रत्यक्ष कॅलिब्रेशन पाच-सात मिनिटांत झालं. आधीच्या वेळी तो पाऊण तासच वाचवला गेला होता.

रस्त्यावरचं कॅलिब्रेशन राहिलं. त्याला दोन्ही बाजूंचे स्पष्ट पट्टे आणि सलग वेग लागतो. बायपासला ट्रॅफिकमुळे जमेना, अर्ध्यात तुटायचं आणि परत पहिल्यापासून. म्हणून १६ ला पहाटे साडेसहाला आम्ही किवळ्यापासून एक्सप्रेसवेला लागलो, टेक्निशियन चालवतोय, मी मागे, लॅपटॉप शेजारच्या सीटवर. उर्सेच्या अलीकडेच स्क्रीनवर हिरवी पट्टी भरली.

आणि पुढे टोलनाका, आणि फास्टॅग नाही. तो जुन्या काचेबरोबर गेला होता! सोलून काढला की टॅग फाटतो, दुसरीकडे लावता येत नाही. एप्रिल २०२५ पासून इथे टॅग नसला की दुप्पट टोल, तो भरला. काच बदलायची तारीख ठरली की त्याच दिवशी बँकेच्या अ‍ॅपवर रिप्लेसमेंट टॅग मागवा, मला १०० रुपये पडले आणि कुरिअर यायला चार दिवस लागले. काचेवर अजून एक गोष्ट असते, हाय सिक्युरिटी नंबरप्लेटचा तिसरा स्टिकर, पेट्रोलला निळा, डिझेलला केशरी. तोही जुन्या काचेसोबतच जातो, त्यासाठी वेगळा अर्ज. आणि सोसायटीच्या पार्किंगचा स्टिकर.

येताना मी स्वतः चालवली. लेन असिस्ट चालू, हात स्टिअरिंगवर सैल, गाडी मधोमध. हेड-अप डिस्प्लेचे आकडे एकेकच, स्पष्ट.

१९ ला हिशेब मिटला. १,६३,९७० पैकी इन्शुरन्सने दिले १,५४,९२०. माझे गेले सक्तीचे २,०००, सीलंट ५,२००, जेल पॅड १,८५० आणि बिलाबाहेरचे अलाइनमेंटचे २,९५०, म्हणजे बरोबर १२,०००. पैसे भरायच्या आधी मी तीन कागद मागितले, टॅक्स इनव्हॉइस, काचेच्या कामाची लेखी वॉरंटी आणि कॅलिब्रेशनचा रिपोर्ट. रिपोर्टवर चॅसी नंबर, तारीख, वेळ, किलोमीटर आणि दोन्ही कॅलिब्रेशनसमोर पूर्ण झाल्याची नोंद आहे का बघा, नुसतं "नो फॉल्ट" लिहिलेला कागद म्हणजे रिपोर्ट नाही.

हे सगळं महागड्या गाड्यांचंच आहे असं समजू नका. माझ्या भावाची एक्सयूव्ही सातशे आहे, आरशामागे तसाच कॅमेरा. आता क्रेटा, व्हर्ना, होंडा सिटी यांच्याही वरच्या मॉडेल्समध्ये येतो. भावाला विचारलं तुझ्या पॉलिसीत कन्झ्युमेबल्स आहे का, तर त्याला माहीत नव्हतं. त्याने त्याच रात्री बघितलं.

२८ डिसेंबरला बाबांना घेऊन परत दादरला गेले. निघताना ते नेहमीच्या सीटवर बसले, नवीन काचेवर बोट फिरवलं आणि म्हणाले, डंपर दिसला की लांब राहा. राहिले. रिपोर्टची एक प्रिंट आरसीच्या झेरॉक्ससोबत ग्लव्ह बॉक्समध्ये आहे. तिसऱ्या स्टिकरचा अर्ज केलाय, तो अजून यायचाय.